चालत्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारताना

प्रोग्रॅम चालू होता आणि काहीच करत नव्हता. नोकरीत नवीन असताना मला या गोष्टीचा अर्थच लागेना. ‘टॉप’मध्ये प्रोसेस दिसत होती, पण सीपीयूचा वापर शून्य. लॉगची शेवटची ओळ बरीच जुनी. एरर नाही, क्रॅश नाही. कोडमध्ये प्रिंट घालून पुन्हा चालवायचं, एवढंच डीबगिंग मला ठाऊक होतं. पण बंद करून पुन्हा चालवला असता, तर नेमकी ही अडकलेली अवस्थाच पुसली गेली असती.

टीममधली सीनियर म्हणाली, “किल करू नकोस. एसट्रेस लाव.”

फाइल उघडायची असो, मेमरी हवी असो की नेटवर्कवरून काही पाठवायचं असो, प्रोग्रॅमला कर्नलकडे जावं लागतं. या मागण्या म्हणजे सिस्टिम कॉल. एसट्रेस त्या घडतील तशा छापतं. पॉल क्रॅनेनबर्ग यांनी ते १९९१ मध्ये सनओएससाठी लिहिलं. पुढे ते लिनक्सवर आलं.

पहिल्याच कमांडला उत्तर आलं, परवानगी नाही. प्रोसेस माझ्याच नावावर, मग अडवतंय कोण? उबुंटूसारख्या सिस्टिमवर चालू प्रोसेसला दुसऱ्या प्रोसेसने असं चिकटणं मुद्दाम रोखलेलं असतं. नाहीतर एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मेमरीतले पासवर्ड वाचू शकेल. सुडो लावल्यावर एकच अर्धवट ओळ उमटली: ‘रिसीव्हफ्रॉम’, कंसात ७, आणि पुढे काही नाही.

७ म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर. प्रोसेसने उघडलेल्या प्रत्येक फाइलला आणि कनेक्शनला कर्नल असा क्रमांक देतं. ‘एलएसओएफ’ने दाखवलं, की तो क्रमांक डेटाबेस सर्व्हरच्या कनेक्शनचा आहे. डेटाबेसच्या बाजूने ते केव्हाच बंद झालं होतं; बंद झाल्याचा निरोप मात्र इकडे पोचला नव्हता. कोडमध्ये टाइमआउट नसल्याने प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत बसला होता.

मग मी सुरळीत चालणाऱ्या प्रोग्रॅमलाही अगदी सुरुवातीपासून एसट्रेस लावलं आणि खरा गोंधळ तेव्हा उडाला. पडद्यावर ओळींचा लोंढा, आणि सुरुवातीलाच ‘फाइल सापडली नाही’ची रांग. इतक्या एरर येऊनही हा चालतोय कसा? सीनियरने उलगडून सांगितलं: लायब्ररी शोधताना एकेक फोल्डर तपासला जातो आणि ती सापडेपर्यंतचा प्रत्येक नकार इथे छापला जातो.

मग तिने विचारलं, “तुझा प्रश्न काय आहे?” फाइल सापडत नसेल, तर फक्त फाइलींचे कॉल गाळून घ्यायचे. काम रेंगाळत असेल, तर प्रत्येक कॉलला लागलेला वेळ छापायला सांगायचा. वेळ आकडेमोडीतच जात असेल, तर एसट्रेसमध्ये जवळपास काहीच दिसत नाही. तिथे पर्फ हे प्रोफायलिंगचं साधन लागतं. कोणत्या फंक्शनमध्ये अडकलाय हे हवं असेल, तर जीडीबी जोडून बॅकट्रेस, म्हणजे फंक्शन कॉलची साखळी, मागायचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला हा डीबगर आजही रोजच्या वापरात आहे. प्रश्न ठरला, की त्या लोंढ्यातल्या कामाच्या ओळी वेगळ्या काढता येतात.

बघण्याचीही किंमत मोजावी लागते, हे कळायला मला जास्त वेळ लागला. एसट्रेस कर्नलच्या पीट्रेस या सिस्टिम कॉलवर चालतं, त्यामुळे प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोग्रॅम दोनदा थांबतो, आत शिरताना आणि बाहेर पडताना. जीडीबी जोडला की तो पूर्णच थांबतो. ग्राहक वापरत असलेल्या सर्व्हरवर हे परवडत नाही. चालत्या सर्व्हरकडे निर्धास्तपणे बघता यावं, याच हेतूने घडवलेलं सनचं डीट्रेस २००५ मध्ये सोलारिस १० बरोबर आलं. लिनक्समध्ये २०१४ पासून ईबीपीएफ आहे. त्यात छोटा प्रोग्रॅम व्हेरिफायरने तपासल्यावर कर्नलमध्येच चालतो, मोजणी तिथेच होते आणि बाहेर फक्त गोषवारा येतो. ईबीपीएफ वापरणाऱ्या बीपीएफट्रेस या साधनाच्या स्क्रिप्ट मी अजून दुसऱ्यांच्या वाचून शिकतो आहे.

नव्याने या कामात येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. काही बिघडण्याची वाट बघू नका. साध्या ‘एलएस’ कमांडला एसट्रेस लावा आणि ओळ न् ओळ वाचा. सुरळीत चाललेला प्रोग्रॅम काय काय करतो हे ओळखीचं झालं, तरच अडकलेल्या प्रोग्रॅममध्ये काय वेगळं आहे ते दिसतं.