उख्तचेआरे

एम.ए.ला जुनं इंग्रजी शिकताना ‘उख्तचेआरे’ हा शब्द भेटला. ‘उख्त’ म्हणजे उजाडायच्या आधीचा, रात्रीचा शेवटचा प्रहर. त्याच्यापुढे दुःख, काळजी या अर्थाचा शब्द, ज्यातून आजचा ‘केअर’ आला. दहाव्या शतकातल्या ‘एक्सेटर बुक’ या हस्तलिखितात एक कविता आहे, तिच्यात तो येतो. नवरा समुद्रापार निघून गेलेला. तो कुठल्या मुलखात असेल, या घोराने बायको पहाटेआधीच जागी. पुढे तर तिला रानात, ओकच्या झाडाखाली, जमिनीतल्या विवरात राहावं लागतं. कवितेला मुळात नावच नाही. ‘द वाइफ्स लॅमेंट’ हे अभ्यासकांनी मागाहून दिलेलं. बोलणारी बाई आहे हे कळतं ते स्त्रीलिंगी प्रत्ययांवरून, मराठीत ‘मी एकटी’ म्हटल्यावर कळतं तसं. सरांनी फळ्यावर ते प्रत्यय अधोरेखित केले आणि मला एकदम आई दिसली.

वडील बोटीवर होते. रत्नागिरीच्या घरात आई साडेतीन-चारलाच उठून बसायची. आम्ही जागे होऊ म्हणून दिवा लावायची नाही. वडिलांच्या पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन पाकिटांवरच्या परदेशी तिकिटांच्या कातरी कडांवरून बोट फिरवत राहायची. आजीने विचारलं तर म्हणायची, “काही नाही, जाग आली.”

हल्ली कर्जाचे हप्ते, परीक्षा, ऑफिस, झोप उडवणाऱ्या कसल्याही विवंचनेला हा शब्द लावतात. मला ते पटत नाही. त्या बाईची काळजी एका माणसाची आहे. त्याच हस्तलिखितात ‘द वॉन्डरर’ नावाने ओळखली जाणारी कविता आहे. तिच्यातला एकटा भटकणारा पुरुषही रोज ‘उख्त’च्या वेळी आपलं दुःख बोलतो. पण त्याच्या धन्याला मूठमाती देऊन झालेली आहे. तो शोक करतो. हिच्या माणसाचा ठावठिकाणाच नाही. तो येईल की नाही, जेवला असेल का, निवारा मिळाला असेल का, यातलं काहीच संपलेलं नाही. ‘उख्तचेआरे’ला माझ्या मते हे न संपणं लागतंच.

आता लेक टोरोंटोत शिकते. माझ्या पहाटे साडेचारला तिची संध्याकाळ असते. “पोचले गं,” एवढा मेसेज आला की मी कूस बदलते. “तू झोपत जा ना, मी लहान आहे का?” ती रागावते. थंडीत तिकडे बर्फ पडतं, बस चुकते, मेसेज लांबतो. तिच्या घरमालकिणीचा नंबर मी मागून घेतला आहे.