भाड्याचं घर, भाड्याचा मुक्काम

निवृत्तीनंतर थायलंडला, चियांग माईला जाऊन राहायचं, हा विषय आमच्या घरात आता गंमतीचा राहिलेला नाही. त्याची वही झाली आहे. दोनशे पानी. डावीकडे बाट, उजवीकडे रुपये.

तुम्ही म्हणाल, गोवा-कोकण ओस पडलं का? कारण साधं आहे. बायकोला दमा आहे आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीभोवती चारही बाजूंनी जुन्या इमारती पाडायचं काम चालू आहे. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात आम्ही तिथे तीन आठवडे राहिलो, तेव्हा तिचा पंप पर्समधून बाहेरच आला नाही. शहर जवळजवळ पुण्याच्याच अक्षांशावर. आंबा, फणस, चिंच, चाफा सगळं ओळखीचं. बहावा तर त्यांचं राष्ट्रीय फूल! शाकाहाराची काळजी होती. 'जे' असं लिहिलेली दुकानं शोधायची, एवढं शिकलो. तिथे मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही चालत नाही. माझ्या आजीचा चातुर्मास आनंदात झाला असता.

घरही बघून ठेवलंय. गावाबाहेर हांग डोंगच्या बाजूला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण. भाडं 12 हजार बाट, करार वर्षाचा, डिपॉझिट दोन महिन्यांचं. आमचा फ्लॅट भाड्याने दिला की साधारण तेवढेच पैसे येतात. म्हणजे अंगण फुकट पडलं, असं मी बायकोला ऐकवलं.

वहीचं पुढचं पान मात्र घराचं नाही, मुक्कामाचं आहे. पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला तिथे वर्षभर राहता येतं. त्यासाठी तिथल्या बँकेत 8 लाख बाट ठेवायचे, म्हणजे आपले 20 लाखांच्या वर. अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही. एरवीही शिल्लक 4 लाखांच्या खाली जाता कामा नये. दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा. देशाबाहेर जायचं तर आधी पुन्हा प्रवेशाचा परवाना काढायचा, नाहीतर मुदत तिथेच संपली. नोकरी करायची नाही, जमीन विकत घ्यायची नाही. आणि वर्ष संपलं की पुन्हा अर्ज.

हे लिहिताना वडिलांची आठवण झाली. त्यांचा जन्म गेला शनिवार पेठेतल्या वाड्यात. दोन खोल्या, भाडं 18 रुपये, संडास सामायिक. मालक बोलत नव्हता, गळणारी कौलं दुरुस्त करत नव्हता, पण 1947 च्या भाडे कायद्यामुळे काढूही शकत नव्हता. वडिलांचं नावावर काही नव्हतं, तरी 'उद्या इथे राहू का?' हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. मी कर्ज काढून फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांना वाटलं, पोरगं भाडेकरूपणातून सुटलं. आणि आता साठीला टेकल्यावर मी पुन्हा भाडेकरू व्हायला निघालोय. यावेळी नुसत्या घराचा नाही, तिथे असण्याचाच.

त्याचं काही वाटून घेऊ नये, पाहुण्याने घरच्यांचे नियम पाळावेतच. पण खरी मेख पुढेच आहे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल तिथल्या डोंगरांत जंगलं आणि शेतातला पाला जळतो. शहर डोंगरांच्या वाटीत, धूर हलत नाही. त्या दिवसांत जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांच्या यादीत चियांग माई वर असतं. ज्या छातीसाठी जायचं, तिला ते तीन महिने सोसणार नाहीत. म्हणजे दरवर्षी तीन महिने पुण्यात यायचं. आणि पुण्यात कुठे? आमच्या घरात तर अकरा महिन्यांच्या करारावर दुसरं कोणीतरी राहत असणार!

मी म्हटलं, भावाकडे राहू. बायकोने वही मिटली. म्हणाली, "अहो, तीन महिने पाहुणी म्हणून राहायचं, मग नऊ महिने परवान्यावर राहायचं. मी घरात कधी राहायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. परदेशातलं स्वस्त घर स्वस्त वाटतं, कारण आपण मागचं घर हिशोबात कमाईच्या बाजूला लिहितो. ते खर्चाच्या बाजूला लिहून पाहा. परत यायची जागा मोकळी ठेवायची, तर तीही विकतच घ्यावी लागते.

असो. दोन रात्री आकडेमोड करून आता असं ठरलंय: फ्लॅट विकायचा नाही, भाड्यानेही द्यायचा नाही. कुलूप लावायचं, किल्ली शेजारच्या वहिनींकडे. मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या सुमाराला जायचं आणि जानेवारीअखेर परतायचं. अंगण आता फुकट नाही, दुप्पट भाड्याचं झालंय. बचतीतून असं तीन वर्षं जमेल, चौथं नाही.

बायकोने वही पुन्हा उघडली, आणि बाटांच्या बाजूला वरती स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पंप, दोन.'