मासा, बादली आणि चार फायली

तंजावूरशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे, सरस्वती महालात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत आणि शहरात आजही मराठी बोलणारी घरे आहेत. मी मात्र काही वर्षांपूर्वी तेथे गेलो होतो ते गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या एका योजनेचे मूल्यमापन करण्यासाठी. किती तळी, किती बीज, किती टन उत्पादन, एवढेच माझ्या तक्त्यात होते.

ज्यांच्याकडे जेवायला बोलावले होते ते निवृत्त शिक्षक तंजावरी मराठी बोलणारे. सकाळी ते मला बाजारात घेऊन गेले. एका टोपलीत तळ्यातले कटला आणि रोहू, दुसरीत नदीतली मरळ. नदीच्या माशाचा भाव जास्त. "तळ्यातला नको, नदीचा शुद्ध असतो," असे त्यांनी मला बजावले.

ही समजूत आपल्याकडेही आहे आणि ती अर्धीच खरी आहे. एरोमोनास जातीचे जिवाणू गोड्या पाण्यात निसर्गतःच असतात. ते नदीच्या माशावर सापडतात आणि तळ्याच्याही. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांची गोष्ट वेगळी. ते बहुधा माणसाच्या व जनावरांच्या विष्ठेतून पाण्यात येतात. तळ्यात ते येतात कोंबडीखताबरोबर, नदीत येतात गावाच्या सांडपाण्याबरोबर. म्हणजे माशावर ई. कोलाय सापडला तर तो माशाचा नव्हे, आपला दोष.

शिवाय निरोगी जिवंत माशाचे मांस जवळजवळ निर्जंतुक असते. जिवाणू असतात ते बुळबुळीत त्वचेवर, कल्ल्यांत आणि आतड्यात. ते मांसावर पसरतात माणसाच्या हाताने, सुरीने आणि पाण्याने. उबदार हवेत अनुकूल स्थिती मिळाल्यास ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. चक्रवाढीचा हिशोब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको: तीन तासांत एकाचे पाचशे बारा.

आमच्या समोरची मासेविक्रेती बाई एकाच बादलीत सारे काही धूत होती: मासे, सुरी, फळी आणि स्वतःचे हात. पाणी गढूळ लाल झाले होते. बादली का बदलत नाही, असे मी शिक्षकांकरवी विचारले. तिने उत्तर दिले, "नळ कुठे आहे ते साहेबांनीच दाखवावे."

मी इकडेतिकडे पाहिले आणि मला आठवले. याच बाजारासाठी एक नळ, एक गटार आणि स्वच्छ बर्फाची पेटी अशी किरकोळ बाब दोन वर्षांपूर्वी प्रस्तावात आली होती. त्यावर "उत्पादनवाढीशी थेट संबंध नाही, सबब अमान्य" असा शेरा मारणारा अधिकारी मीच होतो.

शेरा नियमाप्रमाणेच होता. आपल्याकडे मासा चार फायलींतून पोहतो. उत्पादन मत्स्यविभागाकडे. सांडपाणी १९७४ च्या जल अधिनियमानुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. बाजाराचे ओटे आणि नळ स्थानिक संस्थेकडे. अन्नसुरक्षा २००६ च्या कायद्याकडे. पण त्याच्या कलम १८ प्रमाणे शेतकरी, मच्छीमार आणि मत्स्यपालन त्यातून वगळलेले. जिवाणू मात्र चारही हद्दी कोणाचीही परवानगी न घेता ओलांडतो.

आपल्याला हे जमत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९७ साली युरोपने साल्मोनेला व अस्वच्छतेच्या कारणाने भारतीय मत्स्य उत्पादनांची आयात थांबवली. त्यानंतर निर्यातीच्या कारखान्यांत पाणी, बर्फ, हात, फरशी यांची तपासणी कडक झाली. परदेशी गिऱ्हाईक माल नाकारू शकत होते, म्हणून हे घडले. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, ग्राहकाला मालाचा दर्जा कळत नसेल तर चांगला माल बाजारातून हटत जातो. आपली गृहिणी डोळे आणि कल्ले पाहून ताजेपणा ओळखते. पण साल्मोनेलाला ना वास, ना रंग. जे दिसत नाही ते ती नाकारणार कशी?

तिच्या हाती एवढेच आहे की, मासा नीट शिजवावा. चिंचेच्या कालवणात चांगला उकळलेला मासा सहसा धोक्याचा नसतो. धोका असतो तो मासा कापलेल्या विळीवर लगेच कोशिंबिरीचा कांदा चिरण्यात. फ्रिजवरही फार विसंबू नये, कारण एरोमोनासच्या काही जाती थंडीतही वाढतात.

परतल्यावर मी अहवालात ती बाब पुन्हा घातली: नळ, गटार, पिण्यायोग्य पाण्याचा बर्फ आणि बाजारातील माशांची नियमित तपासणी. काही महिन्यांनी उत्तर आले: "बाजार स्थानिक संस्थेचा आहे. उत्पादनवाढीशी थेट संबंध नाही, सबब अमान्य." शब्द माझेच होते. माझ्या जुन्या शेऱ्याचा आधार घेऊनच ते लिहिले गेले होते.

तेव्हापासून कोणत्याही प्रस्तावातली किरकोळ बाब खोडण्यापूर्वी मी एक प्रश्न विचारतो: ही बाब आपली नसेल, तर मग कोणाची? आणि त्या कोणाला तरी पत्र लिहिल्याशिवाय फाईल बंद करीत नाही.