नामावळी आणि मृत्युपत्र

रामकुंडावर अस्थी घेऊन आलेल्या माणसाला आमच्या नाशकात पहिला प्रश्न असायचा, "मूळ गाव कोणतं? आडनाव काय?" उत्तर मिळालं की क्षेत्रोपाध्ये घराण्याची नामावळी काढायचे. कापडात बांधलेल्या त्या वहीत आजोबा-पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, हे त्यांच्याच अक्षरात असायचं. मग नवा मजकूर चढायचा. वडील वारले, धाकट्याचं लग्न झालं, थोरल्याला दोन मुलगे. खाली यजमानाची सही. कुणी मोडी वळणाची ठोकायचा, कुणी अंगठा उठवायचा.

त्या नोंदीवर मिळकत मिळत नसे, हे खरंच. पण घरात काय बदललं ते लगेच लिहून ठेवायची रीत होती. कागद चालता राहायचा.

मृत्युपत्राचं मात्र नाव काढलं तरी वाड्यातली मोठी माणसं "वेळ काय, बोलतोस काय" म्हणून गप्प करायची. जमीन थोरल्याच्या नावावर आणि सातबाऱ्यावर त्याच्या नावाआधी 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तेवढ्यावर तीन-तीन पिढ्या निघाल्या. दिंडोरी-निफाडकडे अशी किती घरं होती! थोरल्याचा शब्द, मामांची मध्यस्थी, जरीप टाकून बांध, विषय संपला. ते दिवस आठवले की बरं वाटतं. फक्त बहिणींना विचारू नये. त्यांची नावं 'इतर हक्कात' लागायची आणि एखाद्या दिवाळीत साडीचोळी देऊन हक्कसोड पत्रावर सही घेतली जायची. त्या समंजसपणाचा खर्च कुणी सोसला, हे त्या सातबाऱ्यावर दिसत नाही.

आता उलट झालंय. गंगापूर रोड-इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या पुष्कळ काकांनी मृत्युपत्र केलेलं असतं. सीबीएसजवळच्या कोर्टाच्या आवारात टाईप करून, नोंदवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेलं. ठेवलं ते ठेवलंच.

असंच 2003चं एक मृत्युपत्र मी वाचलंय. जुन्या नाशकातला वाडा मुलाला, बँकेतली ठेव मुलीला, पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क. अक्षर न् अक्षर चोख. पण मधल्या काळात पत्नी गेली. ठेवीची मुदत संपून पैसे म्युच्युअल फंडात गेले. वाडा बिल्डरला दिला आणि त्याच्या जागी चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. साक्षीदार म्हणून घेतलेले दोघे समवयस्क मित्र आधीच निघून गेले. लिहून दिलेली वस्तूच मालकाकडे उरली नसेल तर तिच्यापुरतं देणं सहसा गळून पडतं. वाड्याबदली मिळालेला फ्लॅट 'वाडा' धरायचा का, यावर भाऊ-बहीण दोन वकिलांकडे बसले. हे दोघं लहानपणी एका ताटात जेवलेले.

कायदाही एका जागी थांबत नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हिस्सा दिला. 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणजे 'सगळी शेती दोन्ही मुलांना' असं वडिलांनी कधीकाळी लिहिलं असेल, तर वडिलोपार्जित शेतीत ते त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतंच चालतं.

आणि नॉमिनी! नाव लावलं की काम झालं, ही समजूत घरोघरी. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर 2013 मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकीचे नॉमिनी मोठे की वारस, हा वाद थेट दिल्लीपर्यंत पोचला आणि नॉमिनी मालक होत नाही, असा निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. घराघरांत तिथी-वार पोचवणाऱ्या माणसाच्या घरी हे घडलं, तिथे तुमच्या-आमच्या पासबुकाचं काय? सातपूर-अंबडच्या कारखान्यात लागलेला पोरगा पीएफच्या फॉर्मवर बहिणीचं नाव टाकतो. पुढे लग्न झालं, कुटुंब आलं, की ते नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. निवृत्तीपर्यंत पुष्कळांना याचा पत्ता नसतो.

गंमत अशी की स्टॅम्पपेपर छापणारी प्रेस आमच्या नाशिकरोडला, पण मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही. साधा कागद चालतो. नोंदणी केली तर उत्तम, सक्ती नाही. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं, शेवटचं धरलं जातं. किरकोळ बदलाला पुरवणी पुरते. मात्र जुन्या कागदावर पेनाने एक नाव खोडून वर दुसरं लिहू नका. बदलालाही तुमची सही आणि दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार निदान वीस वर्षांनी लहान घ्या आणि ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीला उभं करू नका.

2015च्या सिंहस्थाच्या सुमारास केलेलं मृत्युपत्र कपाटात असेल, तर 2026-27च्या सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याआधी ते एकदा काढून वाचा. घर, खाती, माणसं, साक्षीदार यांतलं एक जरी बदललेलं असेल, तर नवं करा. त्यात 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द' ही ओळ घाला, खाली तारीख टाका आणि कागद कुठल्या खणात आहे ते मुलीलाही सांगा.