नोंदवहीच्या समासात

माझ्या सासरच्या हयात माणसांपैकी कोणाचाही जन्म इटलीत झालेला नाही. सासरे 1941 साली न्यूअर्कला जन्मले. त्यांचे वडीलही तिथलेच, 1914 सालचे. तरीही 2019 च्या हिवाळ्यात एका रात्री जेवता जेवता नवऱ्याने सांगितले, की इटलीच्या कायद्याने पाहता तो, त्याचे वडील आणि आमची मुलगी असे तिघेही जन्मापासून त्या देशाचे नागरिक असू शकतात. फक्त ते सिद्ध करून दाखवायला हवे.

त्याच महिन्यात मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली होती. 1955 च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार त्या क्षणी माझे भारतीय नागरिकत्व आपोआप संपले. पुढे पासपोर्ट रद्द होऊन परत आला आणि हाती ओसीआय कार्ड पडले. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही; बाकी येण्याजाण्याला कोणी अडवत नाही. सातारा जिल्ह्यात जन्मून पंचवीस वर्षे तिथे काढलेल्या माझा धागा एका सहीने तुटला होता, आणि इटलीत कधी पाऊलही न टाकलेल्या माझ्या नवऱ्याचा धागा शंभर वर्षे अखंड चालत आला होता. मला याची गंमत वाटली, असे मी तेव्हा म्हणाले. खरे तर तो मत्सर होता.

इटलीचे राज्य 1861 साली एक झाले, आणि पुढच्या शतकभरात सुमारे अडीच कोटी माणसे ते सोडून गेली. नवऱ्याचे पणजोबा त्यांतलेच. दक्षिणेकडच्या बासिलिकाता प्रांतातल्या डोंगरी गावातून आलेले. गेलेल्यांना सरकारने आपले मानायचे ठरवले. 1912 च्या कायद्याच्या सातव्या कलमाने, परदेशात जन्मून तिथल्या मातीचे नागरिकत्व मिळालेले मूलसुद्धा, त्याने स्वतःहून सोडले नाही तर, इटालियनच राहिले. आणि नागरिकाच्या पोटी नागरिक, या न्यायाने पिढ्या कितीही झाल्या तरी कायद्याला हरकत नव्हती. अट एकच होती, मूळ पुरुषाने पुढची पिढी जन्मायच्या आधी परक्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे.

आमच्या पणजोबांनी ते 1921 साली घेतले. मुलगा त्या वेळी सात वर्षांचा होता. म्हणजे आमचे जमत होते.

त्यांच्या अर्जाची प्रत आली तेव्हा ती मी दोनदा वाचली. इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्याविषयीची निष्ठा आपण सोडत आहोत, असे त्यात राजाच्या नावानिशी लिहिले होते. माझ्या शपथेत कोणा राजाचे नाव नव्हते, पण वाक्य जवळजवळ तेच होते. खाली त्यांची वेडीवाकडी, एकेक अक्षर सुटे काढलेली सही.

कागद जमवायला चार वर्षे लागली. जन्म, विवाह, मृत्यू. प्रत्येकाची प्रमाणित प्रत, त्यावर अपॉस्टिल, मग इटालियन भाषांतर. आडनावाची स्पेलिंगे तीन निघाली. एलिस बेटावरच्या कारकुनांनी आमचे नाव बदलले, असे सासरे आयुष्यभर सांगत आले; आणि अमेरिकेतल्या निम्म्या इटालियन घरांत ही कथा ऐकायला मिळते. ती खरी नाही. प्रवाशांच्या याद्या बोट सुटायच्या बंदरातच तयार होत आणि बेटावरचे लोक त्या फक्त पडताळून पाहत. नावे बदलली ती पुढे, शाळेत, कारखान्यात, बहुधा स्वतःच. सासऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते जरा दुखावलेच.

वकिलातीतली भेटीची तारीख नोव्हेंबर 2024 ची मिळाली. तिच्या एक महिना आधी, 3 ऑक्टोबरला, रोमच्या गृहखात्याचे परिपत्रक निघाले. त्याच 1912 च्या कायद्याच्या बाराव्या कलमात, बापाने नागरिकत्व सोडले तर त्याच्याजवळ राहणारी अज्ञान मुलेही ते गमावतात, असे म्हटले आहे. सातवे कलम आणि बारावे कलम यांत कोणते वरचढ, हा प्रश्न जुनाच. इतकी वर्षे व्यवहारात सातवे जिंकत आले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचा आधार घेऊन आता बाराव्याला कौल मिळाला. सात वर्षांच्या त्या मुलाने 1921 सालच्या एका सकाळी, बहुधा शाळेत बसल्या बसल्या, इटली गमावली होती, आणि ते आम्हांला एकशे तीन वर्षांनी कळत होते.

रोमच्या एका वकीलबाईंना लिहिले. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते: पणजोबांचे राहू द्या, पणजी कोण होत्या?

पाच वर्षांत हा प्रश्न आम्हांला सुचला नव्हता, कारण कायद्यालाच तो सुचला नव्हता. इटलीत बाईला आपले नागरिकत्व मुलाला देता येत नसे. राज्यघटना अंमलात आली ती 1 जानेवारी 1948 ला, म्हणून वकिलाती आजही आईकडून आलेला हक्क त्या दिवसानंतर जन्मलेल्यांपुरताच मानतात. त्याआधीच्यांसाठी न्यायालयात जावे लागते, आणि 2009 पासून न्यायालये तो मान्य करत आली होती. शिवाय पणजीने स्वतः काहीच सोडले नव्हते. नवरा अमेरिकन झाला म्हणून बायको अमेरिकन, असा इथला कायदा होता. तो 1922 साली बदलला, म्हणजे तिला एक वर्ष उशिराच. तिला कोणी विचारले नाही, तिने सही केली नाही. आणि सही केली नाही म्हणूनच ती आता आमच्या कामाची होती.

इटलीच्या सरकारी दप्तरखान्यांनी जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली करून ठेवली आहेत. 1890 च्या वहीत मला ती दोन रात्रींत सापडली. जन्म पहाटेचा, बाप शेतमजूर. समासात वेगळ्या शाईने वीस वर्षांनंतरच्या लग्नाची नोंद. आणि नाव? तेच, जन्माचे. इटलीच्या दप्तरात बाई लग्नानंतरही बापाच्या आडनावानेच राहते, मरेपर्यंत. अमेरिकेतल्या कबरीवर मात्र नवऱ्याचे आडनाव आणि भलतेच इंग्रजी पहिले नाव आहे.

त्या रात्री झोप आली नाही. परक्या बाईच्या जन्माची वेळसुद्धा मला ठाऊक झाली होती, आणि माझ्या पणजीचे लग्नाआधीचे नाव मला ठाऊक नव्हते. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहितात. आधीचे कुठे लिहिलेले असते, हे कोणी पाहत नाही.

दावा पोतेन्झाच्या न्यायालयात करायचा होता. जानेवारी 2025 पासून माणशी सहाशे युरो न्यायालयीन शुल्क झाले होते, वकीलबाईंचे वेगळे. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. उन्हाळ्यात बघू, एवढी शंभर वर्षे गेली तिथे सहा महिन्यांनी काय होते, असे म्हणणारी मीच. त्या म्हणण्यात जुन्या मत्सराचा अंश किती होता, हे मी स्वतःला अजून विचारते.

28 मार्च 2025 ला इटलीच्या सरकारने वटहुकूम काढला. मे महिन्यात त्याचा कायदा झाला. परदेशात जन्मलेल्या आणि दुसरे नागरिकत्व असलेल्या माणसाचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी केवळ इटालियन असेल, किंवा आईबापाने त्याच्या जन्माआधी नागरिक म्हणून सलग दोन वर्षे इटलीत काढली असतील, तर ठीक. एरवी नागरिकत्व त्याला कधी मिळालेलेच नव्हते, असे समजायचे. ज्यांचे अर्ज वा दावे 27 मार्चच्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत, रोमच्या घड्याळाप्रमाणे, दाखल झाले त्यांना जुना नियम. त्या रात्री आमचे कागद घरातल्या कपाटात होते.

कायद्यामागचे कारण मला समजते. जगभर सहा ते आठ कोटी माणसे असा हक्क सांगू शकतील, असा अंदाज मांडला जात होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना पासपोर्टापलीकडे काही नको असणार. मतदानाच्या यादीत आपली नावे असती, तर आम्ही तरी काय जाणून मत दिले असते? पण ‘कधी नव्हतेच’ हा शब्दप्रयोग मला पटला नाही. माझे नागरिकत्व गेले. ते नव्हते असे मला कोणी सांगितलेले नाही.

सासऱ्यांना सांगायचे काम माझ्याकडे आले. त्यांनी ऐकून घेतले, मग म्हणाले, तो आजीचा कागद मला दे. समासावरून बोट फिरवत त्यांनी नाव मोठ्याने वाचले, दोनदा अडखळत. आयुष्यभर ते तिला नोन्नाच म्हणत आले होते.

मी साताऱ्याला आत्याला फोन केला. “मोठीआईचं माहेरचं नाव? आम्ही मोठीआईच म्हणायचो गं. विचारायचं असतं असं सुचलंच नाही,” ती म्हणाली. मग तिलाच आठवले की घरातली मंडळी नाशिकला जाऊन आली होती आणि तिथल्या उपाध्यांच्या वहीत वंशावळ असेल. मागच्या महिन्यात भाऊ जाऊन आला. पानाचे छायाचित्र त्याने पाठवले आहे: पणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे, आजाचे, चारही मुलग्यांचे, गाव आणि कुळ. पणजीचे नावही आहे, तांदळात लिहिलेले. समास कोरा आहे.