चिठ्ठीवरची आगीची नोंद

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कामात सर्वांत जास्त कस लागतो तो प्रोटीया कुळातली झुडपं दाबताना. पानं चिवट, फुलोरा जाडजूड. तो उभा चिरून घ्यावा लागतो. टिपकागद सुरुवातीला रोज बदलावे लागतात. हयगय झाली की बुरशी धरलीच. फुलांचा रंग मात्र कितीही जपला तरी उतरतो. म्हणून तो नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहायचा, आणि झाडासमोर उभं राहूनच लिहायचा. जागा, उंची, माती, उतार, तारीख हे सगळं तिथल्या तिथे.

या चिठ्ठीचं मोल मला मिमेटीस स्टोकोईने शिकवलं. दक्षिण आफ्रिकेत, केपच्या कोगेलबर्ग डोंगरांतलं हे दुर्मीळ झुडूप. पानांवर रुपेरी लव असते. फुलांचा रंग गेला तरी ती चकाकी कागदावर टिकते. 1922 मध्ये थॉमस स्टोकोला ते सापडलं, म्हणून हे नाव. स्टोको मूळचा यॉर्कशरचा, पेशाने शिळाछपाईचा कारागीर आणि वृत्तीने गिर्यारोहक. इतरांचे पाय जिथे पोचत नसत तिथून तो म्हातारपणापर्यंत नमुने आणत राहिला.

1950च्या सुमारास ही झुडपं दिसेनाशी झाली. पुढे जात नामशेष झाल्याचं जाहीर झालं. उरले ते कपाटांतले नमुने. मग डिसेंबर 1999 मध्ये कोगेलबर्गमध्ये मोठा वणवा लागला, आणि 2001 मध्ये त्या जळक्या उतारावर याच झुडपाची रोपं दिसली.

अर्धशतकभर बिया मातीत होत्या. या बियांवर मुंग्यांना आवडणारं मऊ आवरण असतं; त्यासाठी मुंग्या त्या वारुळात ओढून नेतात, आवरण खातात आणि बी तिथेच सोडून देतात. वर झुडपं म्हातारी होऊन मरतात, बी खाली थांबते. वणव्याने जमीन उघडी पडली, ऊन-गारवा मातीत पोचला, की ती रुजते.

आमच्या कपाटांतून हे कळण्याची सोय नव्हती. नमुना सांगतो की अमुक दिवशी अमुक ठिकाणी हे झाड होतं. पुढची पन्नास वर्षं नमुना आला नाही, एवढ्यावरून झाड संपलं म्हणता येत नाही. फिनबॉसमध्ये, म्हणजे केपच्या या झुडपी रानात, तर मुळीच नाही, कारण तिथल्या वनस्पतींचं घड्याळ वणव्यांवर चालतं. तरीही जुन्या चिठ्ठ्या चाळताना तारीख सापडते, डोंगर सापडतो, आणि तो उतार आधी कधी जळला होता हे बहुधा सापडत नाही.

म्हणून शिकायला येणाऱ्या मुलांना मी चिठ्ठीवर एक ओळ सक्तीने लिहायला लावते: शेवटचा वणवा कधी, आणि माहीत नसेल तर जळक्या खोडांच्या खुणा दिसतात का. दुर्मीळ झाडाची नेमकी जागा बाहेर सांगायची नाही, ओरबाडणारे तिथे पोचतात. पण चिठ्ठीवर ती असलीच पाहिजे. उद्या कुणाला ते झाड पुन्हा शोधायचं असेल, तर कोणत्या उताराची आणि किती वर्षं वाट पाहायची, हे त्याला त्या ओळींवरूनच ठरवावं लागेल.