कार्ड एक, दावेदार दोन

लिनक्स अपडेट केल्यावर स्क्रीन काळी पडली की बहुतेक जण ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाकायला धावतात. माझा अनुभव मात्र असा, की अशा वेळी ड्रायव्हर नसतो असं क्वचितच होतं; बहुधा एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर हक्क सांगत असतात. एनव्हिडियाच्या कार्डांत हे सर्वांत स्पष्ट दिसतं. स्वयंसेवकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून लिहिलेला ‘नूवो’ ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत आला. बूट होताना त्याने कार्ड ताब्यात घेतलं, की कंपनीच्या ड्रायव्हरला ते मिळत नाही. शिवाय कंपनीच्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात, कर्नलमधलं मोड्यूल आणि बाहेरच्या लायब्ररी, आणि दोन्हींची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. एक भाग डिस्ट्रोच्या पॅकेजमधून आणि दुसरा कंपनीच्या ‘.रन’ फाइलमधून आलेला असेल, तर त्यावर तिसऱ्यांदा इन्स्टॉल केल्याने गुंता वाढतोच. म्हणून ‘एलएसपीसीआय -के’ ही कमांड देऊन कार्ड आत्ता कोणाकडे आहे ते आधी पाहावं. मग जुनं सगळं काढावं, नूवो ब्लॅकलिस्ट करावा आणि बूटच्या सुरुवातीला लोड होणारं इनिट्रॅमएफएस नव्याने बांधावं. ही शेवटची पायरी हमखास राहते. मग इनिट्रॅमएफएसमधल्या जुन्या प्रतीतून नूवो पुन्हा लोड होतो आणि केलेली मेहनत वाया जाते.

‘सगळं फॉरमॅट केलं तर लवकर सुटका होते’ असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेलं मोड्यूल कर्नल नव्या इन्स्टॉलनंतरही नाकारणारच. तिथे स्वतःची किल्ली नोंदवून मोड्यूलवर सही करणं हा खरा उपाय. सिक्युअर बूटच बंद करून टाकणं मला मान्य नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ताजा ड्रायव्हर कंपनीकडेच मिळतो, मग डिस्ट्रोचं पॅकेज कशाला? नुकत्याच बाजारात आलेल्या कार्डाला तो लागूही शकतो. पण कर्नलच्या अंतर्गत रचनेत स्थैर्याची हमी नसते, त्यामुळे नव्या कर्नलसाठी मोड्यूल पुन्हा कंपाइल करावं लागतं. डिस्ट्रोचं पॅकेज ते डीकेएमएस या साधनाकडून करून घेतं किंवा तयार मोड्यूल देतं. ‘.रन’ने टाकलेल्या फाइलींची मात्र पॅकेज मॅनेजरला दादच नसते. २०२२ मध्ये कंपनीने ट्युरिंग पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नल मोड्यूलचा सोर्स खुला केला, याचं मला मनापासून समाधान आहे. तरी लायब्ररी बंदिस्तच राहिल्या, म्हणजे आवृत्त्या जुळवणं सुटलं नाही. आणि ज्यांच्याकडे केप्लर पिढीचं जुनं कार्ड आहे, त्यांना ताज्या ड्रायव्हरचा उपयोगच नाही, तो ते कार्ड ओळखत नाही. त्यांच्यासाठी ४७० ही शेवटची मालिका, नाहीतर नूवो.